नारुतो १३५व्या भागानंतर कंटाळवाणं का वाटतं? फिलर ओळखण्याची आणि हाताळण्याची रीत, नव्या प्रेक्षकांसाठी

गेल्या आखाजीला (अक्षय तृतीयेला) आम्ही सगळी भावंडं चोपड्याकडच्या गावी मामांकडे जमलो होतो. आपल्याकडचा तो उन्हाळा, सकाळी अकरानंतर ओट्यावरसुद्धा बसवत नाही. कूलर लावून सगळे एकाच खोलीत पडलेले. नववीतला मामेभाऊ मोबाइल घेऊन जवळ सरकला आणि म्हणाला, "दादा, नारुतो सोडून देऊ का? आधी एवढं भारी होतं. आता रोज भलतंच काहीतरी चाललंय. सासुकेचं पुढे काय झालं, कोणी बोलतच नाही." कितव्या भागावर आहेस, विचारलं. म्हणाला, १४९. नारुतो ही निंजा मुलांची जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन मालिका, आणि सासुके हा नारुतोचा मित्र आणि प्रतिस्पर्धी.

फिलर, म्हणजे मूळ गोष्टीबाहेरचे भरतीचे भाग, हा शब्द त्याने ऐकलेला नव्हता. एक भाग संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, तसा तो बघत गेला होता. मूळ गोष्ट कुठे थांबली आणि भरती कुठून सुरू झाली, हे मोबाइल सांगत नाही. त्या दुपारी मी त्याला वहीच्या कागदावर एक टिपण करून दिलं. तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण चांगली मालिका अशी अर्ध्यात सुटलेली बघवत नाही.

पहिली पायरी : फिलर का तयार झाला ते समजून घ्या

बहुतेक मोठ्या ॲनिमे मालिका मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथांवरून बनतात. नारुतो, ब्लीच आणि वन पीस या तिन्ही मांगा 'शोनेन जंप' या साप्ताहिकातल्या. आठवड्याला एक प्रकरण, पानं वीसच्या आत. टीव्हीवरचा चोवीस मिनिटांचा भाग अशी दोन प्रकरणं सहज संपवतो. मालिका मांगापेक्षा वेगाने धावते आणि कधी ना कधी तिला गाठते. गाठलं की दाखवायला गोष्टच उरत नाही.

अशा वेळी मालिका थांबवता आली असती. पण टीव्हीवरची ठरलेली वेळ सोडली की ती दुसऱ्या कार्यक्रमाकडे जाते, जाहिरातदार जातात, प्रेक्षकांची सवय मोडते. म्हणून स्टुडिओचे लेखक स्वतः गोष्टी रचायचे. त्यांच्यावर एक बंधन असायचं : मांगाच्या कथेला धक्का लागता कामा नये. कोणी महत्त्वाचं पात्र मरणार नाही, कोणाला कायमची नवी ताकद मिळणार नाही आणि शेवटी सगळं जिथल्या तिथे परत ठेवलं जाईल. फिलर ओळखायची खूण हीच. चार-पाच भागांच्या मोहिमेनंतर कोणाच्याच आयुष्यात काही बदललं नाही, तर बहुधा तुम्ही फिलर बघितला.

मांगातून आलेल्या भागांना चाहते 'कॅनन' म्हणतात. थोडं मांगातलं, थोडं स्टुडिओचं, असं असेल तर 'मिक्स्ड'.

नारुतोचं गणित बघा. पहिली मालिका ऑक्टोबर २००२ मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी २००७ मध्ये २२०व्या भागावर संपली. त्यातले १३६ ते २१९, म्हणजे सलग ८४ भाग, जवळजवळ पूर्ण फिलर. आठवड्याला एक भाग धरला तर दीड वर्षाहून जास्त काळ. नारुतो आणि सासुकेची ती मोठी लढाई बघून जीव टांगणीला लागलेला माणूस दीड वर्ष दर आठवड्याला टीव्हीसमोर बसतो आणि दर आठवड्याला रिकाम्या हाताने उठतो. फिलर या शब्दाला जी वाईट चव आहे, ती त्या वाट बघण्यातून आलेली आहे.

आज तेच ८४ भाग म्हणजे साधारण साडेतेहेतीस तास, आणि सोडायचे असतील तर बोटाचं एक काम. वाट बघणं संपलं, तसा रागही ओसरला. पण स्ट्रीमिंगने एक नवी अडचण आणली. आठवड्याला एक भाग बघणाऱ्याच्या वाट्याला आठवड्यातला एक अर्धा तास कंटाळा यायचा. सलग बघणाऱ्याला एका दुपारी दहा भाग कंटाळा येतो. जुना प्रेक्षक चिडायचा, पण मालिका सोडायचा नाही. नवा प्रेक्षक चिडत नाही, दुसरं काहीतरी लावतो. माझा मामेभाऊ नेमका या टोकावर उभा होता.

दुसरी पायरी : रश्श्यातलं पाणी आणि वेगळी वाटी यांत गल्लत करू नका

नव्या माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

मराठी मालिका लांबली की आपण म्हणतो, पाणी घातलं. शेवभाजीला अचानक पाहुणे वाढले की रश्श्यात पाणी वाढवतात, तसं. शेव तेवढीच, चव पातळ. फिलर हे असं पाणी नसतं. फिलर म्हणजे ताटात ठेवलेली वेगळी वाटी. नको असेल तर बाजूला सारा, बाकीच्या जेवणाला काही होत नाही.

ॲनिमेत दोन्ही प्रकार आहेत. नारुतो आणि ब्लीचने वाट्या मांडल्या. वन पीसने बहुतांश पाणी घातलं. तिथे फिलर तुलनेने थोडाच आहे, पण मूळ गोष्टच ताणलेली आहे : लांबलचक उजळणी, पात्रांचे चेहरे पुन्हा पुन्हा, एक ठोसा बसायला अर्धा मिनिट. ड्रेसरोझा या कथाभागात मांगाची १०२ प्रकरणं आहेत (७०० ते ८०१) आणि ॲनिमेचे भाग ११८ (६२९ ते ७४६). एका भागाच्या वाट्याला एक पूर्ण प्रकरणसुद्धा येत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा की फिलरची यादी वाटी दाखवते, पाणी दाखवत नाही. यादीत 'कॅनन' लिहिलेला भागही संथ असू शकतो. तिथे भाग सोडू नका, गोष्ट हुकेल. सुरुवातीचं गाणं आणि मागची उजळणी पुढे सरकवा. बहुतेक मालिकांत गाणं दीड मिनिटाचं, शेवटचंही तेवढंच. वन पीसमध्ये उजळणी धरून बराच वेळ वाचतो. ड्रॅगन बॉल झेडच्या बाबतीत ही पाणी काढायची कामगिरी निर्मात्यांनी स्वतःच केली. २००९ पासून आलेली 'ड्रॅगन बॉल झेड काई' ही त्याच चित्रणाची आटवलेली आवृत्ती आहे. लहानपणी कार्टून नेटवर्कवर गोकूला बघून ज्यांना आता पूर्ण गोष्ट बघायची आहे, त्यांनी २९१ भागांच्या मूळ मालिकेऐवजी काईपासून सुरुवात केली तरी चालेल, असं माझं मत आहे. एक भाग तेवढा मूळ मालिकेतला नक्की बघा, १२५वा. गोकू आणि पिकोलो गाडी चालवायचा परवाना काढायला जातात. शुद्ध फिलर आहे आणि लोकांनी तो वर्षानुवर्षं जपलाय.

तिसरी पायरी : मालिका कोणत्या काळातली, ते बघा

या एका तपासणीत अर्ध्याहून जास्त प्रश्न सुटतात. भाग शेकड्यांनी असतील आणि मालिका वर्षभर न थांबता चालणारी असेल, तर फिलर किंवा पाणी असणारच. पण गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बऱ्याच गाजलेल्या मालिका हंगामांत येतात : बारा, चोवीस किंवा पंचवीस-सव्वीस भाग, मग विश्रांती, तोवर मांगा पुढे जाते. ॲटॅक ऑन टायटनचा २०१३ मधला पहिला हंगाम २५ भागांचा, डीमन स्लेयरचा २०१९ मधला २६ भागांचा, जुजुत्सु कायसेनचा २०२० मध्ये सुरू झालेला २४ भागांचा. इथे यादी शोधत बसू नका, सरळ बघा.

ब्लीच हे दोन्ही काळ एकाच घरात दाखवतं. २००४ ते २०१२ मधली मालिका ३६६ भागांची आणि फिलरने भरलेली. २०२२ मध्ये परत आलेलं 'थाउजंड इयर ब्लड वॉर' मात्र तुकड्या-तुकड्यांत, मध्ये थांबत. १९९९ पासून चालत आलेल्या वन पीसनेही २०२६ पासून वर्षाला जास्तीत जास्त २६ भाग काढायचं जाहीर केलं.

पहिल्यांदाच ॲनिमे बघणार असाल आणि हा हिशेबच नको असेल, तर 'फुलमेटल अल्केमिस्ट : ब्रदरहुड' (६४ भाग) किंवा २०११ मधलं 'हंटर × हंटर' (१४८ भाग) घ्या. दोन्हींत एखाद-दुसरा उजळणीचा भाग सोडला तर सगळी गोष्टच आहे.

चौथी पायरी : यादी घ्या, पण आकडे जुळवून

प्रत्येक मोठ्या मालिकेची फिलर यादी इंटरनेटवर शोधली की मिळते. ती उघडण्याआधी एक काळजी घ्या. भागांच्या नावांतच पुढचं रहस्य फुटलेलं असतं. आधी बघून झालेल्या कुणाकडून फक्त आकडे लिहून घेतलेले बरे.

आता महत्त्वाचं. यादीतले आकडे पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग असतात. ॲपवर मालिका बऱ्याचदा हंगामांत तोडलेली असते आणि दर हंगामात आकडा पुन्हा १ पासून सुरू होतो. मी स्वतः यात फसलोय. ब्लीच बघताना हंगामातला आकडा सलग आकडा समजून मी पुढे उडी मारली, आणि ज्या लढाईसाठी पन्नास भाग बघितले होते तिचा शेवट आधी दिसला. ते दुःख वर्षभर राहिलं. म्हणून ब्लीचचं लिहूनच ठेवा : हंगाम ४ सुरू होतो तो सलग ६४वा भाग, हंगाम ९ म्हणजे १६८ पासून, हंगाम १३ म्हणजे २३० पासून. ॲपने वेगळी विभागणी केली असेल तर आकड्यावर विसंबू नका, ज्या भागावर उतरायचं आहे त्या एकाच भागाचं नाव ताडून बघा.

पाचवी पायरी : कागदावरचं टिपण

मामेभावाला दिलेलं हे टिपण. रहस्य कुठलंही फोडलेलं नाही.

नारुतो : १३५ पर्यंत बघा. मग थेट २२०, आणि तिथून पुढची मालिका, नारुतो शिप्पूडेन. त्याआधीच्या भागांत १०१ ते १०६ फिलर आहेत, पण १०१ सोडू नका. काकाशी सरांच्या बुरख्यामागे चेहरा कसा आहे, हे बघायला तिघं विद्यार्थी दिवसभर त्यांच्या मागे लागतात. एवढंच आहे, आणि त्या चौघांना एकत्र हसताना बघायला पुढे मन तरसतं.

नारुतो शिप्पूडेन : ५०० भाग, २००७ ते २०१७. बहुतेक याद्या त्यातले दोनशेच्या आसपास भाग फिलर धरतात. पहिला मोठा पट्टा ५७ ते ७१, पहिल्या वेळी सोडा. सगळ्यात जास्त लोक गळतात ते ३९४ ते ४१३ मध्ये. निंजांचं महायुद्ध ऐन भरात असताना मालिका वीस भाग मागच्या एका परीक्षेची गोष्ट सांगायला जाते. ते आधी सोडाच. ३४९ ते ३६१ मात्र ठेवा. त्यात काकाशीच्या तरुणपणाची गोष्ट आहे आणि बराचसा भाग स्टुडिओने रचलाय, तरी त्या माणसाचं ओझं तिथेच कळतं. मुख्य लढाईची गोष्ट ४७९ला संपते. शेवटचे काही पट्टे कादंबऱ्यांवरून घेतलेत. मांगात नाहीत म्हणून कोणी त्यांना फिलर म्हणेल, मी म्हणत नाही. ४९४ ते ५०० घरातल्या कार्यासारखे आहेत, सगळे पाहुणे भेटतात.

ब्लीच : ६४ ते १०९, सेहेचाळीस भाग, सोडा. १६८ ते १८९ तर नक्कीच सोडा. इथे मुख्य लढाया चालू असताना मध्येच दुसरीच गोष्ट सुरू होते आणि १९० ला मूळ गोष्ट जिथे होती तिथून पुढे जाते. ३१७ ते ३४१ पण बाजूला ठेवा. २३० ते २६५ बद्दल माझा आग्रह आहे की मालिका संपल्यावर परत या. प्रत्येकाची तलवार माणसाचं रूप घेऊन मालकासमोर उभी राहते, ही कल्पना मूळ कथेच्या तोडीची आहे.

वन पीस : फिलर थोडा, सोडायचा ताण घेऊ नका. १९६ ते २०६ फिलरच आहेत, पण कोणी सोडायला सांगितलं तरी ऐकू नका.

सहावी पायरी : यादीवर आंधळा विश्वास नको, दोन भागांची परीक्षा घ्या

यादी हे लोकांचं मत आहे, तुमचं नाही. मी मामेभावाला एक साधी रीत सांगितली. फिलर एकच सुटा भाग असेल तर बघून टाक, चोवीस मिनिटांचा प्रश्न आहे. पट्टा दहा भागांपेक्षा मोठा असेल आणि मुख्य भांडण अर्धवट लटकलेलं असेल, तर सोड. मुख्य भांडण मिटलेलं असेल आणि पात्रं निवांत असतील, तर पहिले दोन भाग बघ. दुसऱ्याच्या शेवटी तिसरा लावावासा वाटला तर बघत राहा.

सुट्या भागांबद्दल मी इतका मऊ का, त्याला कारण आहे. आमचे आजोबा यात्रेतल्या तमाशाला जायचे. वग ऐकायलाच जायचे, पण बतावणी चालू असताना कधी उठले नाहीत. सोंगाड्याचं आणि बाकीच्यांचं ते बोलणं वगाच्या कथेला काहीच पुढे नेत नाही. पण त्यात ती माणसं ओळखीची होतात आणि मग वगात तीच माणसं रडली की आपल्याला लागतं. बारा भागांचे हंगाम आल्यापासून ॲनिमेत हीच जागा कमी झालीय. लढाई, धक्का, लढाई. पात्रं जेवताना, भांडताना, काही न करता बसलेली फार दिसत नाहीत. म्हणून एकेकाळी फिलरला शिव्या देणारेच आता म्हणतात, एखादा असा भाग हवा होता.

निर्मात्यांनाही हे कळलंय असं दिसतं. डीमन स्लेयरने मुगेन ट्रेन या आगगाडीची, आधी चित्रपट म्हणून आलेली गोष्ट ऑक्टोबर २०२१ मध्ये टीव्हीवर आणली, तेव्हा पहिला भाग पूर्ण नवा होता, मांगात नसलेला : त्यातला योद्धा रेंगोकू त्या आगगाडीत चढण्याआधी काय करत होता, एवढाच. मला तो भाग इतका आवडला, की चित्रपट आधी बघितलेला असूनही रेंगोकूचं पुढचं सगळं दुसऱ्यांदा जास्त लागलं. पंधरा वर्षांपूर्वी अशाच भागाला फिलर म्हणून नाक मुरडलं असतं.

डेटा आणि वीज

गावाकडे दिवसाचा दीड जीबी पॅक असतो. मध्यम दर्जावर तासाला पाऊण जीबीच्या आत-बाहेर जातो, म्हणजे दिवसाला दोन तास, पाच भाग. फिलरलाही डेटा तेवढाच लागतो, हे एकदा ध्यानात आलं की यादीचं महत्त्व पटतं. जळगाव, धुळे किंवा भुसावळला वायफाय मिळालं की पुढच्या आठवड्याचे भाग आधीच उतरवून ठेवा, आणि उतरवतानाच टिपणातले आकडे गाळा. डाउनलोड केलेल्या भागांना मुदत असते, तेव्हा एकदम पन्नास भरून ठेवू नका. लोडशेडिंगमध्ये मोबाइल शंभर टक्के असेल अशी वेळ बघा, एवढंच.

शेवटची पायरी : सोडलेल्या वाटीकडे परत या

वगळलेले आकडे खोडू नका, त्यांच्यावर गोल करा. मालिका संपते, पुढे काही नसतं, आणि त्या पात्रांची आठवण येते. तेव्हा गोल केलेले भाग उपयोगी पडतात. आता कुठली उत्सुकता नसते, ८४ आठवड्यांची वाट नसते. पहिल्या वेळी जो भाग वाटेत आडवा आला होता, तोच आता भेटीसारखा वाटतो. माझं नारुतोच्या १३६ ते २१९ मधल्या बऱ्याच भागांशी असंच जमलं, सगळं बघून झाल्यावर तीन वर्षांनी.

ते कुणाबरोबर तरी बघा. फिलरला मागचं-पुढचं माहीत नसलं तरी चालतं, त्यामुळे ज्याने मालिका बघितली नाही तोही शेजारी बसू शकतो. त्या दुपारी मामेभाऊ २२० वर पोचला आणि रात्री अंगणात खाटांवर मी त्याला १०१ परत लावून दिला. आजी शेजारच्या खाटेवर होती. "हाई काय शे रे भाऊ?" तिने विचारलं. त्याने तिला बुरख्यावाल्या सरांची गोष्ट अहिराणीत समजावली आणि भाग संपेपर्यंत ती उठली नाही.

मामेभाऊ आता वन पीस बघतोय. १९५ पर्यंत पोचून थांबलाय, कारण पुढचे अकरा भाग येत्या आखाजीला सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलंय. साडेचार तासांचं काम आहे. दुपारी जेवण झालं की लावायचं.